बुटांच्या रॅकमागचं बटण

टक्.

दुपारच्या निवांत घरात, बाहेरच्या खोलीतून एवढासा आवाज आला आणि मागच्या खोलीत तिच्या हेडफोनमधून बोलणारे गृहस्थ अर्ध्या शब्दावर मुके झाले. बिचारे पंधरा मिनिटं सांगत होते की कपडे धुवायच्या मशीनचं दार उघडत नाही, उद्या लग्नाला जायचंय आणि सगळे बरे कपडे आत अडकलेत. कुठली कळ किती वेळ दाबायची हे ती सांगणारच होती. पडद्यावर लाल पट्टी आली. संपर्क तुटला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कामावर घेण्याआधीचा चाचणीचा आठवडा होता. लेकीच्या, मुंगीच्या जन्मानंतर चार वर्षांनी हाताला लागलेलं हे पहिलं काम, ग्राहकांच्या तक्रारी फोनवर सोडवायचं, तेही घरबसल्या. अट एकच होती. आठवड्यात चारदा फोन तुटला की विषय संपला. सोमवारी एकदा, काल एकदा, आणि हा तिसरा. लगेच मोबाइलवर वरिष्ठ बाईंचा निरोप आला: "दहा मिनिटांत परत जागेवर या. आता एकच शिल्लक आहे हं."

सगळा घोळ त्या दोन जाड भिंतींचा. इंटरनेट यायचं बाहेरच्या खोलीत, तिला काम करायला दार लावता येईल अशी खोली एकच, ती मागची. वायरमननं शेवटी हाताच्या पंजाएवढ्या दोन डब्या आणून दिल्या. एक बाहेर, एक आत, दोन्ही भिंतीतल्या प्लगमध्ये. "नवी तार ओढायला नको ताई. विजेच्या तारा भिंतीत आहेतच, त्यांच्यातूनच नेट आत जाईल. फक्त डबी थेट भिंतीत लावा, एक्स्टेन्शनवर नको."

"विजेच्या तारेतून बोलणं जाणार?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "उद्या नळातून दूध येईल."

बाहेर थेट भिंतीतला मोकळा प्लग एकच होता, बुटांच्या रॅकमागे, जमिनीपासून वीतभर वर. आणि सासूबाईंची जन्माची सवय, रिकाम्या खोलीत बटण चालू दिसलं की बंद करायचं. पंखा, दिवा, चार्जर, कशाचीच सुटका नाही. सोमवारी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी नाही हो हात लावला." काल म्हणाल्या, "लागला असेल बाई चुकून." आज ती चिकटपट्टीचं रीळ घेऊन तरातरा बाहेर आली, तर त्यांनी तोंड उघडायलाही वेळ दिला नाही.

"मीच केलं."

"आई, किती वेळा सांगू? हात जोडू का आता?"

"चुकलं माझं. लाव ती पट्टी, आणि जा कामाला."

"तुम्हाला नकोय का मी काम केलेलं? तसं तरी सांगा एकदा."

सासूबाईंनी मधल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. दुपारी मुंगी तिथे झोपायची.

"बरं, दाखवा तरी मला, कुठलं बटण बंद करता ते. पट्टीच मारून टाकते."

"हे काय, हेच," म्हणत सासूबाईंनी दाराशेजारच्या बोर्डावर बोट ठेवलं. खांद्याच्या उंचीवर. ते पंख्याचं बटण होतं.

तिचा हात रिळावरच थांबला. तिनं खाली पाहिलं. रॅक भिंतीपासून जेमतेम टीचभर सरकलेला. मागे वीतभर उंचीवर डबी, विझलेली. गुडघ्यांचं दुखणं लागल्यापासून सासूबाई स्वतःच्या चपलासुद्धा काठीनं ओढून घ्यायच्या. त्या इथवर वाकणार कशा, आणि त्या फटीत त्यांचा हात जाणार कसा?

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"चार वर्षांचं लेकरू आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर चिडलीस तर मी ऐकून घेईन. मला काय होतंय."

पडदा हलला. मुंगी बाहेर आली. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता, कोपराला भिंतीचा चुना लागला होता.

"आजीला नको ओरडू. टक् मी केलं."

मोबाइल वाजला. चार मिनिटं उरली.

सोमवारपासूनचं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तसंच गिळून ती लेकीसमोर खाली बसली. "का गं राणी? माझं काम बंद पडतं ना त्यानं."

"दार वाजवलं तर तू उघडत नाहीस." मुंगीनं एक बोट मोजलं. "हाक मारली तर आतून श्शू करतेस." दुसरं बोट. "आणि टक् केलं की पळत येतेस."

सासूबाई पंख्याकडे बघत राहिल्या.

तिनं लेकीच्या कोपराचा चुना पुसला. गरज होती त्याहून जास्त वेळ पुसत राहिली. तीन मिनिटं. मग फटीत हात घालून बटण चालू केलं. डबीवर हिरवा ठिपका उगवला. तिनं दातानं चिकटपट्टीचा तुकडा तोडला, बटणावर आडवा लावला, अंगठ्यानं दाबला. दुसरा तुकडा तोडला.

मुंगी शेजारी उकिडवी बसून मन लावून बघत होती. रडली नाही, हट्टही केला नाही. पट्टी नीट बसली याची खात्री झाल्यावर तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं,

"आता तुला बाहेर आणायचं बटण कुठलं?"