डोळे कुणामुळे सुजतात

बुधवारी सकाळी लिफ्टवाला आरशासमोर उभा राहून पुन्हा डोळे चोळत होता, आणि चहा गाळता गाळता त्याची बायको त्याच्या पाठीकडे बघत होती.

पापण्या टम्म सुजल्या होत्या. पांढऱ्याचं लालभडक झालं होतं आणि पाण्याची धार थांबत नव्हती.

"चोळू नकोस. चोळून वाढतं."

"खाज सहन होत नाही गं."

"काल बरे होते डोळे."

"कालचं काल," तो म्हणाला आणि तोंडावर गार पाणी मारायला लागला.

ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. लाल डोळे तिने ढिगाने पाहिले होते. कुणाला फुलांचे पराग सोसत नाहीत, तो त्रास मोसमापुरता. कुणाला घरातली धूळ बाधते, तो बारमाही. कुणी लेन्स न काढता झोपून जातो आणि पापणीच्या आत पुरळ उठवून घेतो. आणि कुणाला काजळ, पावडर, खोट्या पापण्यांचा डिंक चालत नाही. हा शेवटचा प्रकार तिने नवऱ्यासाठी काढून ठेवला होता.

कारण मोठ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर ब्यूटी पार्लर होतं, आणि त्या इमारतीची लिफ्ट बिघडायची तेवढी गावात दुसरी कुठलीच बिघडत नव्हती, आणि दुरुस्तीला हाच जायचा. बिघडते की बिघडवतात, असं तिने एकदा जेवताना विचारलं होतं. तो हसला होता. जुनं मशीन आहे, म्हणाला, तेलपाणी करावं लागतं. तेव्हापासून ती वार मोजायला लागली.

डोळे सुजायचे ते बुधवारी आणि शनिवारी सकाळी. म्हणजे शेण खाल्लं जात होतं ते मंगळवारी आणि शुक्रवारी. घरात त्या दिवसांना 'ताईचे वार' म्हणत. तिची मोठी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू झालेली. त्या दोन दिवशी दुकान सुटलं की धाकटी परस्पर जायची आणि उशिरा घरी यायची, हे ठरून गेलेलं. नवऱ्याने कधी कुरकुर केली नाही. उलट भाजी चिरून, भात लावून वाट बघत बसायचा. ती आली की ताई कशी आहे विचारायचा आणि पानं घ्यायचा.

कुरकुर कशाला करेल? रान मोकळं मिळत होतं. माणूस घरात एवढा गोड वागायला लागला की बाहेर काहीतरी शिजतंय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिने त्याचे शर्ट हुंगले. ग्रीस आणि घाम, बाकी काही नाही. म्हणजे गडी हुशार होता. मग एका रविवारी ती स्वतःच सातव्या मजल्यावर जाऊन भुवया कोरून आली. पार्लरवाली गुबगुबीत, हसरी, डोळ्यांत बोटभर काजळ. गप्पांच्या ओघात लिफ्टचा विषय निघाला तर बया म्हणाली, आमचा लिफ्टवाला म्हणजे देवमाणूस, त्याची बायको नशीबवान. हिच्या भुवईवरचा दोरा हिसकून तिच्याच गळ्याला आवळावा असं हिला वाटलं. तरी पैसे देताना हसली. हसणं तिला जमायचं.

आता हे चारचौघांत वाजवायचं, असं तिने ठरवलं. पुढचे दोन आठवडे तिने दात खाऊन काढले आणि नंतर नवऱ्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुकानामुळे ओळख होतीच. बाईंना तिने आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, मेकअपच्या वस्तू नीट तपासा. बाईंनी पापणी उलटी करून पाहिली. मग त्याच्या हातावर ओळीने थेंब ठेवून सुईने टोचलं आणि दोघांना बाहेर बसवलं. तिला त्याच्या हाताकडे बघवत नव्हतं आणि नजर हलवताही येत नव्हती.

पुन्हा आत बोलावलं तेव्हा पराग कोरे, धूळ कोरी. काजळ-पावडरीचाही काही संबंध दिसत नाही, बाई म्हणाल्या. एकाच जागी गांध उठली होती.

"मांजर," बाई म्हणाल्या. "घरात आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

मत्सराला एकच डोळा असतो, आणि तिचा सातव्या मजल्यावर खिळला होता.

"मग कुणाच्या घरात आहे ते विचारा ना याला," ती म्हणाली. काउंटरवरचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "मंगळवारी आणि शुक्रवारी हा कुणाच्या दारात असतो ते विचारा. मी विचारून थकले."

तिने आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्या दोन वारी कामावरून घरी येताना डोळे कसे असतात, असं त्यांनी त्याला विचारलं. स्वच्छ, तो म्हणाला. सुजतात ते झोपून उठल्यावर.

"मग हे कुठे जात नाहीत," बाई तिला म्हणाल्या. "मांजराच्या घरात गेले असते तर तिथेच, पाव तासात डोळे सुजले असते. यांना त्रास होतो तो उशीवर. मांजर घरात यायलाच लागतं असं नाही. ज्याच्या मांडीवर ते बसतं, त्याच्या कपड्यांतून, केसांतून त्याचा कोंडा घरी येतो. त्या दोन दिवशी तुम्ही कुठे जाता?"

ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"ताईकडे जाते ती," नवऱ्यानेच सांगितलं.

"मग ताईंनी मांजर पाळलंय. बहिणीकडून आलात की आधी अंघोळ करायची, केस धुवायचे," असं म्हणून बाई थेंबांचं नाव लिहायला लागल्या.

त्याने रुमालाने एकेक डोळा सावकाश टिपला. बायकोकडे पाहिलं नाही.

"गेल्या महिन्यात ताईंच्याच इमारतीतली लिफ्ट अडकली होती," तो बाईंना म्हणाला. "मी वर जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, धाकटीला सांगा, वर्ष झालं, एकदा तरी तोंड दाखव."