शून्य ते तीन महिने

दुधाची बाटली आणि टोपडं काकूंनी मागवलं ते शेजारच्या पार्लरवालीच्या फोनवरून.

"तुमच्या फोनवरून का नाही?" पार्लरवालीने विचारलं. तिच्या बोटांना अजून केसांचा रंग लागलेला होता.

"घरच्यांनी घेतलेलं कमिशनला धरत नाहीत. आणि ह्यांना कळता कामा नये. तू फक्त मी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेव आणि आत शिर."

लिंक इस्त्रीची होती, काकांनी सकाळीच ग्रुपवर टाकलेली. काका जन्मभर विजेच्या वस्तूंच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले होते. निवृत्त झाल्यावर घरभर येरझाऱ्या घालून त्यांनी काकूंना भंडावून सोडलं, तेव्हा कोणीतरी त्यांना हा उद्योग सुचवला. चांगली वस्तू हेरायची, चार खऱ्या ओळी लिहायच्या आणि लिंक पाठवायची. त्या लिंकवरून आत गेलेल्या माणसाने इस्त्रीऐवजी चप्पल घेतली तरी कमिशन काकांना. कोणी घेतली ते कळत नसे, काय विकलं गेलं तेवढंच दिसे. मिळकत चहापाण्यापुरती, पण रुबाब दुकानमालकाचा. शनिवारी तर ते जुन्या सहकाऱ्याकडे नवा माल पारखायला म्हणून जात आणि दिवेलागणीलाच उगवत.

ग्रुपमध्ये नातेवाईक होते, दुकानातले जुने सहकारी होते आणि मुलगाही होता. चार वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन घराबाहेर पडला, त्यानंतर ग्रुपवर त्याने चकार शब्द लिहिला नव्हता. काकांनीही त्याला काढलं नव्हतं. काकूंची सगळी भिस्त त्या एवढ्याशा गोष्टीवर होती.

भांडण झालं त्या दिवशी काकू सुनेला बरंच काही बोलल्या होत्या. पुन्हा या दारात उभी राहू नकोस, असंही म्हणाल्या होत्या. रागात माणूस बोलतोच, त्याचं काय एवढं. काका मात्र अवाक्षर बोलले नव्हते, आणि पुढे मुलाचं नावही त्यांच्या तोंडून निघालं नाही. हा माणूस मनात धरून बसलाय, असं काकूंनी तेव्हाच ओळखलं. आपण होऊन ते पाऊल उचलणार नाहीत, त्यांना ढकलावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी काका फोन नाचवत स्वयंपाकघरात आले. "अगं, गंमत बघ. इस्त्रीच्या लिंकवरून कोणीतरी दुधाची बाटली घेतलीय. आणि टोपडं. शून्य ते तीन महिने."

काकूंनी भाजी निवडता निवडता मान वरही केली नाही. "तुमच्या ग्रुपात तान्हं बाळ कोणाकडे आहे? सगळे तर गुडघे धरून बसलेत."

काकांनी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

"एकच घर आहे," काकू हळूच म्हणाल्या.

"छे, छे. तिथलं नसणार."

"कशावरून?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "इतकं लहान... नाही, नसेल," असं काहीसं पुटपुटत ते गॅलरीत गेले. तिथे बराच वेळ कोणाशी तरी दबक्या आवाजात फोनवर बोलत राहिले. काकूंनी चहा टाकला. वितळतोय हळूहळू, त्यांच्या मनात आलं.

"कोणाचा फोन होता?"

"गिऱ्हाईक. इस्त्री तापत नाही म्हणतंय."

चहाचे दोन घोट झाल्यावर काकूंनी घाव घातला. "अहो, नातवंड जन्माला आलं असेल आणि आपण इथे इस्त्र्या विकत बसलोय. अजून किती दिवस अडून बसणार तुम्ही?"

"मी?"

"मग कोण? मी तर केव्हाच गेले असते. तुमच्यासाठी थांबले."

काकांनी कप खाली ठेवला. ते बायकोकडे एकटक पाहत राहिले, जणू समोर भलतीच बाई बसली आहे. "तू येशील? खरंच? नंतर शब्द फिरवायचा नाही."

"फिरवणारी मी नव्हे."

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

काकांचे डोळे भरून आले होते. काकूंनाही भडभडून आलं. माणूस वरून दगड, पण आतून लोणी. आपणच आधी जोर लावायला हवा होता, असं त्यांना वाटून गेलं.

शनिवारी दोघं निघाली. पार्लरवालीकडून आणलेली बाटली आणि टोपडं काकूंनी पिशवीत तळाशी दडवलं होतं. बाळ असलंच तर देता येईल आणि नसलंच तर निदान मुलगा भेटेल, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता. बसमधून उतरल्यावर काका पुढे झाले. तीन गल्ल्या ओलांडल्या, पण त्यांनी कोणाला पत्ता विचारला नाही. फोनवर नकाशा बघून ठेवला असेल.

दुसऱ्या मजल्यावर काकू धापा टाकत थांबल्या. पदराने तोंड पुसलं. सून दार लावून घेईल का? मुलगा काय म्हणेल? "तुम्हीच बोला आधी," त्या म्हणाल्या. "मला सुचायचं नाही."

काकांनी बेल दाबली.

दार सुनेने उघडलं. ती काकूंकडे पाहून जागच्या जागी थबकली. तिला काही बोलता येण्याआधीच तिच्या बाजूने तीनेक वर्षांची एक मुलगी एकाच पायात चप्पल घालून धावत आली. काकांच्या कमरेला मिठी मारून तिने सवयीने त्यांच्या खिशात हात घातला, आतली गोळी काढली आणि तोंडात टाकली. मग तिचं लक्ष मागे उभ्या असलेल्या काकूंकडे गेलं.

"आजोबा," तिने विचारलं, "या कोणाच्या आजी आहेत?"