उतारावरची राख

"अहो आजी! मधेच काय तडमडताय तिथे?" दिग्दर्शक खुर्चीतून ओरडला.

बोंगन्ये उतारावर उभी होती. खरं तर जुन्या काळावरच्या या मालिकेत तिला काम एवढंच, दुकानापुढे बसून लसूण सोलायचा. पण समोर बर्फ म्हणून मीठ पसरलेलं, वरून नायिका उंच टाचांच्या बुटांत निघालेली, आणि जळून पांढऱ्या पडलेल्या कोळशाच्या वड्या भिंतीशी नुसत्या शोभेला रचलेल्या. म्हातारीचे हात शिवशिवले. तिने दोन वड्या उतारावर टाकल्या आणि टाचेखाली चिरडून राख पसरली. सेऊलच्या टेकडीवर बर्फ पडला की घरोघरच्या बायका सकाळी उठून आधी हेच करायच्या.

"पोरगी पडेल ना!" ती म्हणाली.

"तिला पडायचंच आहे! ती पडते, तो सावरतो, तिथेच तर प्रेम जमतं."

"आमच्या गल्लीत नाही हो कुणी पडायचं. आम्ही पडूच देत नव्हतो."

"आजी, त्या काळावरच्या प्रत्येक मालिकेत पोरगी अशाच उतारावर पडते. अख्ख्या देशाला ठाऊक आहे, तुम्हालाच कसं नाही?"

सगळे हसले. बोंगन्ये जागेवर येऊन बसली. पोरी खरंच पडत होत्या की काय? तिची गल्ली कधीच पाडली, तिथे आता टोलेजंग इमारती आहेत. तशी गल्ली निदान सेटवर तरी एकदा डोळ्यांनी बघावी, एवढ्यासाठीच ती इथे आली होती. लसूण हे निमित्त. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. लाल मफलरवाली एक पोरगी घसरत आली, मागे व्हायोलिन वाजत होतं. ही कुठली? शेजारीण आठवायला गेली, तर तिचा चेहरा मालिकेतल्या नटीचा. बोंगन्येने पटकन डोळे उघडले.

राख झाडून काढली, नवं मीठ पडलं. पोरगी पडली, नायकाने झेलली, टाळ्या झाल्या. बोंगन्येनेही वाजवल्या.

मग नायिका गुडघा चोळत तिच्याजवळ येऊन बसली. "माझ्यासाठी राख टाकलीत ना, आजी? तुम्ही खरंच अशा गल्लीत राहायचात?"

बोंगन्येने उताराकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. ते अजून राखेने पांढरे होते.

"राहत असणार, पोरी," ती म्हणाली. "टीव्हीवर लागलं की बघून सांगते."