यादीत नसलेलं नाव

हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी संशोधनासाठी द्यायच्या होत्या, पण त्याआधी त्यांतलं प्रत्येक नाव पुसायचं होतं. तिने रुग्णांच्या यादीतली हजारो नावं एकाच रेजेक्समध्ये, म्हणजे शब्द शोधायच्या सूत्रात, गुंफली, ती पुसणारी स्क्रिप्ट कॉम्प्युटरवर चालवली, आणि कपातला चहा निवायच्या आत दोन लाख नोंदींत नावांच्या जागी फुल्या पडल्या.

"कमाल केलीस गं! पण एकदा डोळ्यांखालून घाल. एकही नाव सुटता कामा नये," साहेब म्हणाले.

चाळता चाळता ती अठरा मार्चपाशी थबकली. बाबा याच हॉस्पिटलात गेले, तो दिवस. 'नुसता ताप आहे, उगाच धावपळ करू नकोस,' असं दादा आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता. आणि नंतर, 'झोपेतच गेले गं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.'

सिस्टरने लिहिलं होतं: 'खाट चौदा. ××× सकाळपासून दाराकडे बघत आहेत. येईल त्याला विचारतात, भिंगरी आली का?'

बाबांशिवाय तिला या नावाने कुणी कधी हाकच मारली नव्हती. मग ते यादीत कुठून असणार?

 

तिने यादीच्या शेवटी 'भिंगरी' लिहिलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली.