धातू नको

विनिताच्या पाठीवर पेनाने आखलेले दहा चौकोन होते. पाचांच्या दोन ओळी. प्रत्येक चौकोनावर वेगळ्या धातूची पट्टी दोन दिवस चिकटवून काढलेली होती. नऊ चौकोनांतली कातडी आजूबाजूच्या कातडीसारखीच होती. दहाव्यात लाल उंचवटा होता आणि त्यावर चार बारीक फोड.

त्वचेच्या डॉक्टर उन्नतीने भिंग खाली ठेवलं. "टायटॅनियमला काही झालेलं नाही, काकी. दाताचा स्क्रू बिनधास्त बसवा."

"म्हंजे सिरॅमिकचा नको?"

"हौस असेल तर बसवा. गरज नाही."

खुर्चीतला केसरीनाथ पुढे सरकला. "गरज नाय कशी? माझ्या बायकोचा गळा बघा. वर्ष झालं खाजवते. हिला धातूच सहन होत नाय. हाडात धातू ठोकायचा आणि मग जन्मभर बोंबलायचं? सिरॅमिकच. धातू नको."

विनिताच्या खालच्या दोन दाढा काढल्या होत्या. तिथे हाडात स्क्रू बसवून त्यांवर नव्या दाढा चढवायच्या होत्या. हे स्क्रू बहुतेक वेळा टायटॅनियमचे असतात. दुसरे झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकचे. ते पांढरे, त्यांत धातू नाही. पण ते महाग, आणि वापरात आले त्याला फार वर्षं झालेली नाहीत. तिच्या गळ्यावरचा चट्टा पाहून दाताच्या डॉक्टरांनी आधी ही तपासणी करायला सांगितली. केसरीनाथला ते पटलं नव्हतं. "टेस्ट कशाला? थेट भारीतला बसवा," तो म्हणाला होता.

ते विनिताच्या जावेला, कमळाला कळलं. "तुमचं बरंय बाय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात पण भारीतला माल. आमच्या माणसाला सांगितलं तर कवळी आणील, ती पन सेलमधली." विनिता खूप हसली. मग तिने ते गावात, दापोड्यातल्या निम्म्या बायकांना सांगितलं.

"पण हे लाल आलंय ते निकेलचं आहे," उन्नती म्हणाली. "गळ्यावरचा चट्टा त्यानेच असणार. नकली दागिने बंद करा, जाईल."

विनिता गर्रकन वळली. "नकली? मी जन्मात नकली घातलं नाय, डॉक्टर. आमच्यात हळदीला नकली घालून गेलं ना, तर बायका मांडवाच्या दारातनंच ओळखतात."

"मग गळ्याला दुसरं काय लागतं?"

"हे. सोनंच हाय हे." तिने मंगळसूत्र पुढे केलं.

उन्नती मंगळसूत्राकडे पाहत राहिली.

"त्या दहांत सोन्याचा कुठला होता?" विनिताने विचारलं.

उन्नतीने तिच्या पाठीवर बोट टेकवलं. वरची ओळ, दुसरा चौकोन. तिथे काहीच नव्हतं.

"टेस्ट चुकू पन शकते ना?" केसरीनाथ म्हणाला.

"टायटॅनियमची चुकू शकते. निकेलची सहसा नाही."

"म्हंजे चुकते. झालं तर." तो उठला.

मंगळसूत्र साडेपाच तोळ्यांचं होतं. विनिताच्या आईने स्वतःच्या पाटल्या मोडून ते घडवलं होतं. दापोड्याची जमीन गोदामाला गेली तेव्हा सातबाऱ्यावर केसरीनाथ आणि त्याच्या भावाचं नाव होतं. सही करायला विनिताला कोणी बोलावलं नव्हतं. माझं म्हणावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं. गेल्या वर्षी पुतण्याच्या हळदीआधी केसरीनाथने ते स्वतः नेऊन पॉलिश करून आणलं. तोवर ती गळ्यात काळी पोत घालून होती. परत आलं तेव्हा ते इतकं चकाकत होतं की ती लाजली होती. चट्टा त्याच महिन्यात उठला. तिने आधी साबण बदलला, मग पावडर.

गाडीत केसरीनाथने दाताच्या दवाखान्यात फोन लावला. "हां, सिरॅमिकच. दोन्ही. पैशाचा विषय काढू नका."

निजामपुऱ्यातल्या सराफगल्लीच्या तोंडाशी गाडी रिक्षांमध्ये अडकली. विनिताने दार उघडलं.

"उन्हात कुठं चाललीस?"

"पोत ढिली झालीय. ओवून घेते."

"दे इकडं. मी उद्या नेतो."

"मागच्या वेळी पन तुम्हीच नेलेलंत."

त्याने पुढे केलेला हात स्टिअरिंगवर ठेवला. तो गाडीतून उतरला नाही.

सराफाच्या दुकानात प्रितेश होता. तिची आई त्याच्या वडिलांकडूनच सोनं घ्यायची. काउंटरवर सोन्याचा कस सांगणारं मशीन होतं. विनिताने गळ्यातलं काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"काय काकी, मोडायचंय?"

"नाय. मोजायचंय."

प्रितेशने एक वाटी मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं. अर्ध्या मिनिटाने स्क्रीनवर आकडे आले. त्याने वाटी बाहेर काढली, कापडाने पुसली, बाजू बदलून पुन्हा ठेवली. मग दुसरी वाटी ठेवली. तिन्ही वेळा आकडे जवळपास तेच आले.

"काकी, हे आमच्याकडचं न्हाय," तो हळूच म्हणाला.

"वाच."

बाहेर केसरीनाथ हॉर्न वाजवत होता. प्रितेशने स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि वाचलं.

तांबं ६८.९ टक्के. जस्त २१.४. निकेल ९.१. सोनं ०.६.