बाळाइतका गूळ

सुष्मिताचं बाळ न्यूमोनियानं दवाखान्यात होतं, तेव्हा शेजारच्या नुजहतनं दर्ग्यात बाळाच्या वजनाइतका गूळ वाटायचा नवस परस्पर बोलून टाकला. बाळ बरं झालं, पण देव न मानणारी सुष्मिता हटून बसली. “औषधानं बरं झालंय. माझ्या पोराला तराजूत घालायचं न्हाय.” नवस फिटेना, नुजहतला घास गोड लागेना. “पोर वाढतंय तसा गूळबी वाढतोय, खुळे,” ती कळवळायची. शेवटी मैत्रिणीचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून सुष्मिता बाळाला घेऊन गुळाच्या दुकानात आली. “तुझ्यासाठी आलेय, देवासाठी न्हाय,” तिनं बजावलं. नुजहतनं घाईघाईनं बाळाचं टोपडं, बूट उतरवायला घेतले. “नुसत्या पोराचंच वजन बोललेय की.” सुष्मितानं तिचा हात धरला. “राहू दे. बुटांसकट घाल.” नुजहतनं बाळाला तसंच तराजूत ठेवलं. सुष्मिता तराजूकडं बघत पुटपुटली, “जास्त जाऊ दे. कमी नको पडायला.”