दुकानातून जाणारी निळी रेघ

नगरपालिकेच्या सभागृहात टांगलेल्या मोठ्या नकाशावर टेलरमावशींनी आपलं दुकान शोधलं. दुकान होतं जागेवर. पण त्याच्या मधोमध, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, एक निळी तुटक रेघ गेली होती. मावशींनी चष्मा पुसून पाहिला, रेघ काही हलेना. खाली कोपऱ्यात निळ्या तुटक रेघेचा अर्थ दिला होता : 'पायी जाणाऱ्यांचा रस्ता'.

विद्यापीठाची मुलं महिनाभर गावात तळ ठोकून होती. गावाचा नवा आराखडा करायला नगरपालिकेनेच त्यांना बोलावलं होतं. दिवसभर हातात वही घेऊन ती येणारी-जाणारी माणसं मोजत. त्यातल्या एका चिवट मुलीचं नाव गावाने मोजणीताई ठेवून टाकलं होतं. आज गावाने माना डोलावल्या की आराखडा पक्का.

"आपलं दुकान आलंय ना त्यात?" शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"आलंय. सध्या तरी."

मोजणीताई छडी घेऊन नकाशापुढे उभी राहिली, तशा मावशी उठल्याच. "ताई, माझ्या दुकानातून रस्ता कुणाला विचारून काढलास? बत्तीस वर्षांचं दुकान आहे ते. पाडायचा विचार आहे का?"

मुलगी गोंधळली. "मी नाही काढला, मावशी. तो होताच. एका दिवसात दोनशे चौदा माणसं पुढून आत गेली आणि मागून बाहेर पडली. पुढच्या दाराशी मी होते, मागच्या दाराशी माझी मैत्रीण. मला वाटलं, छप्पर घातलेला बोळ आहे."

"आणि आतलं माझं मशीन?"

"आवाज यायचा ना. वाटलं, बोळात कुणीतरी शिवत बसलंय."

सभागृह खो खो हसलं. मावशींनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "एकदा आत डोकावायचं तरी."

"मोजणाऱ्याने मधे जायचं नसतं, मावशी. आकडा चुकतो."

आकडा मात्र चुकलेला नव्हता. बाजार आणि बसथांबा यांच्या मधे नगरपालिकेच्या गोदामाची लांबलचक भिंत होती. तिला वळसा घालायचा म्हणजे पाय मोडायचे, म्हणून अख्खं गाव मावशींच्या दुकानातून ये-जा करायचं. मावशी रोज ओरडायच्या, "दुकान आहे की चव्हाटा?" दारावर त्यांनी 'पाय पुसून यावे' अशी पाटीही लावली होती. ती वाचून लोक नेमाने पाय न पुसता जात.

"म्हणून तर आम्ही ही हिरवी रेघ सुचवलीय," मोजणीताईने छडी गोदामाकडे नेली. "भिंत फोडून इथून वाट काढायची. तुमच्या दुकानाची वीटही हलणार नाही. उलट, ही वाट झाली की तुमच्या दुकानातून कुणीसुद्धा जाणार नाही."

टाळ्या पडल्या. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सासूबाईंच्या कानात सांगितलं. सासूबाईंची जागा म्हणजे मागच्या दाराजवळचं स्टूल. जाणाऱ्या प्रत्येकासाठी कडी त्याच काढत आणि प्रत्येकाकडून काही ना काही ऐकून मगच त्याला सोडत.

"म्हणजे पोस्टमन यायचा नाही?"

"पत्र असलं की येईल ना, आई."

"आपल्याला कधी आलंय पत्र?" सासूबाई म्हणाल्या आणि नकाशाकडे बघत राहिल्या.

मावशींना दुपारचे दोन ते चार आठवले. तेव्हा दुकान बंद असतं, मशीन गप्प असतं, आणि सासूबाई दहादा विचारतात, चार वाजले का. एकदम त्यांना फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षं ज्यांच्यावर त्या ओरडल्या ती सगळी माणसं त्यांना हवी होती, मळक्या पायांसकट. त्या पुन्हा उठल्या.

"भिंत फोडा. सामानाच्या गाड्यांना, गुडघे धरून चालणाऱ्यांना ती वाट हवीच. पण ताई, निळी रेघ पुसू नकोस."

नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "मावशी, ती तुमची खाजगी जागा. सरकारी नकाशात रस्ता म्हणून कशी दाखवायची?"

"तुम्ही रोज सकाळी नऊला जाता तशी. पाय न पुसता."

या वेळी हशा ओसरायला बराच वेळ लागला. नगराध्यक्षांनीही मग खाली मान घालून हसून घेतलं आणि मावशींच्या लेखी परवानगीवर रेघ ठेवायचं ठरलं. परवानगी मावशींनी तिथेच, मोजणीताईच्या वहीतल्या पानावर लिहून दिली. मोजणीताईने निळ्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'दुपारी दोन ते चार बंद.'

"पाय पुसायचं राहिलं," सासूबाई म्हणाल्या. तेही लिहिलं गेलं.

सभा संपली. बसथांब्याकडे जायला निघालेली माणसं सवयीने मावशींच्या मागोमाग दुकानात शिरली. सासूबाई आपल्या स्टुलावर बसल्या, कडी काढली आणि एकेकाला थांबवून सभेत काय झालं ते त्यालाच सांगू लागल्या. मावशी दारात उभ्या राहून सगळ्यांच्या पायांवर ओरडत होत्या. मोजणीताई सवयीप्रमाणे बाहेरच थांबली होती.

"आता कशाला मोजतेस? ये आत," मावशींनी हाक मारली.

मुलीने वही मिटली. पाय पुसले, दोन्ही, नीट. मशीनला वळसा घालून, टांगलेल्या कपड्यांखालून वाकून ती मागच्या दाराशी आली.

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोनशे पंधरा," त्या म्हणाल्या आणि कडी काढली.